भुरी आता नुसती चालते

मुलांनो, आधी एवढं समजा की आज शनिवार आहे. सकाळची शाळा. दप्तर हलकं, पोटात गरम पोहे आणि खिडकीतून येणारं ऊन अजून कोवळं. शाळा परतवाड्याची, म्हणजे मागे संत्र्यांच्या बागा आणि समोर मेळघाटाचे डोंगर. बाकं भिंतीकडे सरकवून तुम्ही सगळे जमिनीवर बसला आहात, कारण गोष्ट बाकावर बसून ऐकायची नसते. पुढच्या टेबलावर एक पाटी उभी आहे. तुमच्या पणजोबांनी जिच्यावर पेन्सिलीने बाराखडी गिरवली ती दगडी पाटी नव्हे. ही पुठ्ठ्याइतकी पातळ, बोलणारी आणि ऐकणारी पाटी आहे. ती अजून आपल्याकडे आलेली नाही, पण येईल. आता तिच्यातून एका बाईंचा आवाज येतो, किंचित घोगरा, घरातल्या माणसासारखा.

"आलात का सगळे? पाय पोटाशी घ्या. मागच्यांना दिसू द्या."

खरं तर दिसायचं काही नसतं, नुसतं ऐकायचं असतं. तरी सगळे पाय पोटाशी घेतात.

तर अशा त्या पाचवीच्या वर्गात, सगळ्यात मागे, भिंतीला खुर्ची टेकवून दिगंबर भुयार सर बसायचे. गोष्ट सुरू झाली की ते डोळे मिटून घेत. मुलांना वाटे, सरांना डुलकी लागते. फैजान तर त्यांच्या घोरण्याची नक्कल करून दाखवायचा. पण सर घोरत नव्हते आणि झोपतही नव्हते. तो आवाज त्यांच्या बायकोचा होता.

ज्योत्स्नाबाई जाऊन वर्ष होत आलं होतं.

हे कसं, ते सांगतो. त्या काळात 'अनुलेखक' नावाचं यंत्र निघालं होतं. एखाद्या लेखकाने आयुष्यभर जे जे लिहिलं, ते सगळं हे यंत्र वाचून काढायचं. छापलेलं, खोडलेलं, मोबाईलवरून कुणाला धाडलेलं, सगळं. हा माणूस वाक्य कुठे तोडतो, कोणता शब्द टाळतो, कशाला हसतो, हे त्याला कळायचं. मग लेखक थांबला, की यंत्र पुढचं लिहायचं. अगदी तसंच. लेखक गेला म्हणून मासिकातलं सदर बंद पडलं, असं आता होत नसे. फक्त नावाशेजारी एक बारीक खूण छापत, म्हणजे वाचणाऱ्याने काय ते समजावं. लहान मुलांच्या गोष्टींवर मात्र ती खूण नसायची. मुलं हिरमुसतात, म्हणून.

ज्योत्स्नाबाई 'कथाघर' नावाच्या संस्थेसाठी भुरीची गोष्ट लिहीत आणि स्वतःच वाचून दाखवत. भुरी ही म्हैस. धारणीच्या बाजारात विकली गेलेली आणि नव्या मालकाचं दावं तोडून, अख्खा मेळघाट ओलांडून आपल्या घरी निघालेली. दर शनिवारी एक भाग; या वर्गाने तो चौथीपासून ऐकलेला. अर्धी गोष्ट झाली आणि बाई आजारी पडल्या. त्या गेल्यावर कथाघराने सरांना विचारलं, "पुढचं अनुलेखकाकडून करून घेऊ का? आवाजही त्यांचाच राहील." आवाजाचं ऐकलं आणि सरांनी मान डोलावली. अकोल्याचं घर त्यांना खायला उठलं होतं. त्यांनी बदली मागून घेतली आणि ते परतवाड्याला आले. इथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. गोष्ट सांगणाऱ्या 'ताई' सरांच्या कोण, हेही कुणाला माहीत नव्हतं.

आठवडाभर ते शनिवारची वाट बघत. तो आवाज 'मुलांनो' म्हणे, 'राजा' म्हणे, 'गं बाई' म्हणे. एकदा तरी चुकून 'अहो' म्हणेल, असं त्यांना उगाच वाटायचं.

पण सर शिक्षक होते, आणि चांगले शिक्षक होते. त्या वर्षी त्यांनी पाचवीला एक नवा नाद लावला होता. समोर काहीही लिहिलेलं आलं, की विचारायचं, हे कुणी लिहिलं? कुणासाठी? आणि लिहिलंच नसतं, तर लिहिणाऱ्याचं काय अडलं असतं? पुस्तकात उत्तरं सोपी होती. माहिती द्यायला, मन वळवायला, करमणूक करायला. सर म्हणत, "ही झाली खोक्यावरची चिठ्ठी. आत काय आहे ते सांगा."

मुलं दिसेल ते वाचून आणायची. एसटीतली सूचना, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, कुणाच्या तरी भिंतीवरचं 'येथे गाडी लावू नये'. एके दिवशी रुद्र गावंडेने त्याच्या काकांची जुनी लग्नपत्रिका आणली. खाली बोबड्या बोलांत छापलं होतं, 'आमच्या लुपेश काकाच्या लग्नाला यायचं हं!' आणि शेजारी नाव होतं, चि. रुद्र.

"हे तू लिहिलं?" सरांनी विचारलं.

"नाही जी सर. मी तवा तीन महिन्याचा होतो."

"तीन महिन्याचा पोरगा पत्रिका लिहिते," फैजान म्हणाला, "अन् आता शुद्धलेखनात दहापैकी दोन!"

हसणं ओसरेपर्यंत सर थांबले. "मग लिहिलं कुणी?"

"आबांनी असंल. नाही तर छापखान्यातल्या माणसानं. तो समद्यांच्याच पत्रिकेत टाकते."

"आणि काहून?"

सर मुद्दाम 'का'ऐवजी 'काहून' म्हणाले, की मुलांना फार आवडायचं.

"गोड वाटते म्हणून," नभा तायडे म्हणाली. ती पुढच्या रांगेत बसायची आणि बोलण्याआधी खालचा ओठ चावायची. "लहान पोराचं नाव टाकलं, की लोकाले गोड वाटते. पण त्या पोराले काई म्हनायचंच नसते, सर. त्याले तर लगन काय ते बी माहीत नाही."

"शाबास," सर म्हणाले. "नाव एकाचं, बोलणं दुसऱ्याचं. लक्षात ठेव हे."

तिने ठेवलं.

पुढच्याच शनिवारची गोष्ट. भाग संपला. त्यात भुरी चिखलदऱ्याला गेली, तिथे तिने स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात तोंड घातलं आणि माळ्याची छत्री शिंगात अडकवून पळाली. मुलं पोट धरून हसली. एकटी नभा ओठ चावत बसली होती.

"काय गं? नाही आवडला?" सरांनी विचारलं.

"आवडला ना. पण सर, भुरी आता घरी जात नाही."

"म्हणजे?"

"आधी ती हरएक फाट्यावर थांबायची. वास घ्यायची. घर कुण्या बाजूले हाये ते बघायची, मगच चालायची. वाघाचा वास आला तरी तिकडूनच जायची, काहून की घर तिकडंच व्हतं." तिने बोटाने जमिनीवर एक रेघ ओढली. "सिपना नदीच्या पुरापाशी ती काठावर उभी राह्यली होती ना, त्याच्यानंतर तिनं एकदाबी वास नाही घेतला. कुठंबी जाते. परत सेमाडोहले गेली, आता चिखलदऱ्याले. मजा येते, पण ती आता नुसती चालते."

मुलं मनातल्या मनात मागचे भाग चाचपून बघत होती.

"तुम्ही म्हनता ना, लिहिणाऱ्याचं काय अडलं व्हतं ते बघा. आधी ताईचं काईतरी अडलं व्हतं. म्हैस घरी पोचली नसती, तर त्याइले झोप आली नसती असं वाटे. आता काईच अडत नाही." नभाने सरांकडे पाहिलं. "सर, हे रुद्रच्या पत्रिकेवानी झालं. नाव ताईचं हाये. कोनी दुसरंच बोलून राह्यलं."

सिपनेच्या काठावरचा तो भाग ज्योत्स्नाबाईंनी दवाखान्याच्या खाटेवर बसून वाचला होता. मध्ये तीनदा खोकला आला, म्हणून तीनदा पुन्हा वाचला. त्यांचा तो शेवटचा भाग.

"पुढच्या शनिवारी बोलू," एवढंच सर म्हणाले आणि घंटेआधीच मुलांना सोडून दिलं.

दुपारी ते घरी आले, तसेच चपला न काढता ओट्यावर बसून राहिले. मूल हुशार निघालं याचा शिक्षकाला आनंद व्हायला हवा. त्यांना झालाही. पण त्याच पोरीने आपल्या हातातून काय काढून घेतलं, तेही त्यांना कळत होतं. शनिवारचा तो आवाज आता त्यांनाही तसाच ऐकू येणार नव्हता.

बाईंचं काय अडलं होतं, हे जगात फक्त त्यांनाच माहीत होतं. त्या आठ वर्षांच्या असताना वडिलांची बदली झाली. ते रस्त्याच्या कामावर मुकादम होते. नव्या गावी गोठा नव्हता, म्हणून घरची म्हैस धारणीकडच्या एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकली. सामान बांधून झालं. निघायच्या दिवशी दार उघडलं, तर म्हैस अंगणात. इतक्या लांबून, जंगलातून, एकटी चालत आलेली, खुरं फुटलेली. दाराशी तोंड आणून ती रेकली. वडील रडले, सदरा ओला होईपर्यंत. पण जनावर दिलं ते दिलं, म्हणून त्यांनी तिच्या गळ्यात दावं घातलं आणि स्वतः चालत तिला परत पोचवून आले. लहानगी ज्योत्स्ना दाराच्या कडीला लटकून बघत होती.

"तिला घर बरोबर सापडलं हो," बाईंनी त्यांना एकदाच सांगितलं होतं, लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, शेंगा सोलता सोलता. "घरानेच तिला ठेवून घेतलं नाही. मला तिला एकदा नीट घरी पोचवायचंय. बास, म्हणून लिहितेय."

हे त्यांनी कुठेच लिहिलं नव्हतं. त्यामुळे अनुलेखकाला भुरीच्या चालण्याची ढब माहीत होती, तिच्या कानांची फडफड माहीत होती. ती निघाली कशासाठी, तेवढंच माहीत नव्हतं. कथाघरातून अधूनमधून फोन येई. "सर, भुरीच्या घराबद्दल मॅडम कधी काही बोलल्या होत्या का? तुम्ही नुसतं पाटीसमोर बोललात तरी चालेल, ते आपोआप पुढच्या भागात येईल. मॅडमच्याच आवाजात."

मॅडमच्याच आवाजात. सरांचा जीव तिथेच अडकायचा. बाईंना जे लिहायचं होतं आणि लिहिता आलं नाही, ते त्यांच्याच तोंडून ऐकता येणार होतं. भुरी दाराशी येते, दार उघडतं. एका शनिवारचा प्रश्न होता. पण मग ती लहानगी, ती दाराची कडी, तो ओला झालेला सदरा, सगळं यंत्राचं होणार. उद्या ते एखाद्या हत्तीच्या गोष्टीत येईल, परवा कुत्र्याच्या. जिथे जिथे मुलांना रडवायचं असेल, तिथे तिथे. ते दर वेळी म्हणत, "आठवत नाही बुवा."

पुढच्या शनिवारी पाटी लावण्याआधी सर मुलांच्या पुढ्यात जमिनीवर बसले. गुडघे दुखत होते, तरी मांडी घालून बसले.

"नभाने ओळखलं ते बरोबर आहे," ते म्हणाले. "ज्या ताई गोष्ट सांगायच्या, त्या वारल्या. सिपनेच्या पुरानंतर. पुढचं सगळं यंत्राने केलंय." मग म्हणाले, "त्या माझ्या घरच्या होत्या."

बाहेर चौथीचा वर्ग पाढे म्हणत होता. मग सगळ्यात आधी रडला तो फैजान. दोन्ही तळहात तोंडावर दाबून, खांदे हलवत, लहान पोरासारखा. रुद्रने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मग तोही रडू लागला. नभा रडली नाही. ती सरांच्या तोंडाकडे बघत होती.

"मग दर शनवारी तुम्ही डोळे मिटून..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

"हो गं."

"आज लावायची, सर?" रुद्रने नाक पुसत विचारलं.

लावू नये असं सरांना वाटत होतं. पण हात उठला आणि त्यांनी पाटी लावली.

"आलात का सगळे? पाय पोटाशी घ्या," आवाज म्हणाला. आज कुणीच हललं नाही. भुरी चिखलदऱ्याहून निघाली, तिला वाटेत माकडांचं लग्न दिसलं, वऱ्हाडात तिने नाच केला. कुणी हसलं नाही. भाग संपला आणि पाटीच्या कडेला हिरवा ठिपका लागला. याचा अर्थ ती आता ऐकत होती. दर शनिवारी शेवटी मुलं ताईंना प्रश्न विचारत आणि मुलं काय म्हणाली ते यंत्र पुढच्या भागासाठी जपून ठेवी.

"बोला रे, काय विचारायचंय?"

फैजान एकदम उभा राहिला. त्याचा आवाज फाटला होता. "ताई, तुम्ही मेल्या ना?"

पाटी क्षणभर थांबली. "असं कोण म्हणालं रे राजा? गोष्ट आहे तोवर मी आहेच की."

आवाज तोच होता, थांबण्याची लकबही तीच. पण ज्योत्स्ना असं कधी बोलली नसती. ती म्हणाली असती, "हो, मेले. मग काय झालं? जा, तोंड धुवून ये आधी." आणि मग फैजानला जवळ घेऊन स्वतःच रडली असती.

नभा उठून सरांसमोर आली. "सर, भुरीले घरी काहून जायचं व्हतं? ताईनं तुम्हाले सांगतलं असंल ना?"

सरांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर हिरव्या ठिपक्यावर गेली. आता बोललं, तर मुलांना कळेल. आणि यंत्रालाही कळेल. पुढच्या शनिवारी, इथेच, तिच्या आवाजात दार उघडेल. त्यांना ते हवं होतं. नको हेही तितकंच खरं होतं. त्यांना पुढेही जाता येईना आणि मागेही.

नभाने त्यांच्या नजरेच्या मागोमाग पाहिलं. ती टेबलापाशी गेली, पाटी उचलून तिने पोटाशी धरली आणि जिथून पाटी ऐकायची त्या टाचणीएवढ्या भोकावर अंगठा दाबून ठेवला.

"आता सांगा," ती म्हणाली.

आणि सर सांगू लागले. वाईट सांगत होते. पुढचं आधी सांगून टाकत होते, मध्येच चष्मा काढून पुसत होते. मुकादम वडील, बांधलेलं सामान, अंगणातली म्हैस, फुटलेली खुरं. मुलं सरकत सरकत त्यांच्या गुडघ्यांना येऊन टेकली.

"त्या खऱ्या म्हशीचं नाव बी भुरीच व्हतं?" रुद्रने विचारलं.

"माहीत नाही रे," सर हळूच म्हणाले. "विचारायचं राहूनच गेलं. नावही नाही विचारलं, रंगही नाही. मला वाटलं, विचारू कधीतरी."

तेवढ्यात नभाच्या पोटाशी धरलेल्या पाटीतून आवाज आला. काहीच ऐकू येत नसल्यामुळे तो जरा वाढला होता, जरा काळजीत पडल्यासारखा. माणूस दुसऱ्या खोलीतून हाक मारतो, तसा.

"कुणी आहे का तिकडे? बोलत का नाही? गेलात का सगळे?"

सरांचा हात आपसूक पुढे झाला. या हाकेला ते आयुष्यभर 'ओ' देत आले होते. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते सांगता येणार नाही, पण फैजानने खाली मान घातली आणि रुद्र त्यांना चिकटून बसला. आता ही पोरगी काय करेल? पाटी बंद करून टाकेल? की सरांच्या हातात देईल? तुम्ही तिच्या जागी असता, तर काय केलं असतं?

नभाने पाटी तोंडाजवळ नेली आणि अंगठा जरासा उचलला.

"आम्ही हाओत," ती म्हणाली, आजारी माणसाशी बोलावं इतक्या मऊ आवाजात. "तुम्ही जरा थांबा. सर सांगून राह्यले."

मग तिने अंगठा पुन्हा दाबून धरला, सरांच्या पुढ्यात मांडी घालून बसली आणि त्यांनी पुढचं सांगावं म्हणून वाट बघू लागली.